मुलांसोबत चिकन पॉट पाय: थंड सारण, तापलेला ओव्हन आणि कौलांचे छप्पर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोतील घरी ६ आणि ९ वर्षांच्या दोन मुलांना सोबत घेऊन आपण चिकन पॉट पाय, म्हणजे दाट रश्शातले चिकन आणि भाज्या पिठाच्या पारीखाली ओव्हनमध्ये भाजायचा अमेरिकी पदार्थ, केला. मुलांनी वरच्या पारीवर पिठातून कापलेल्या चांदण्या आणि एक कोंबडी मोठ्या हौसेने लावली, पण ओव्हनमधून बाहेर आल्यावर कोंबडी पसरून ओळखू येईनाशी झाली होती, खालची पारी ओली आणि कच्ची होती, आणि सुरी लावताच सारण रश्शासारखे ताटात वाहिले. मुलांचा खेळ तसाच ठेवून पदार्थ कसा साधावा, असे आपण विचारले आहे. फिलाडेल्फियाजवळच्या एका बेकरीच्या स्वयंपाकघरात मी १८ वर्षे पाय आणि ब्रेड करते आहे आणि शनिवारी लहान मुलांचे वर्गही घेते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी रोजच्या कामातला आहे.

आपल्या पहिल्या दोन तक्रारींचे, म्हणजे पसरलेल्या कोंबडीचे आणि ओल्या तळाचे, मूळ एकच आहे; वाहत्या सारणाचे पुढे पाहू. पीठ ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच गरम झाले. बहुधा सारण गॅसवरून उतरवून लगेच पारीत ओतले गेले असावे आणि मुले चांदण्या कापेपर्यंत लाटलेली पारी अर्धा तास ओट्यावर राहिली असावी. मुलांच्या खेळाला वेळ लागतो, आणि लोण्याच्या पिठाकडे नेमका तोच नसतो. म्हणून खेळ कमी करण्याऐवजी काम दोन दिवसांत वाटावे, असे माझे सांगणे आहे: आदल्या रात्री आपण एकट्याने सारण शिजवावे आणि पीठ मळून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या हाती फक्त थंड पीठ आणि थंड सारण द्यावे.

आधी पिठाविषयी, कारण मराठी घरातल्या हाताला इथे एक सवय सोडावी लागते. करंजीच्या पारीला आपण कडकडीत तुपाचे मोहन घालतो. ते तूप मैद्याच्या कणाकणाला लागते, त्यामुळे पीठ चिवट होत नाही आणि पारी खुसखुशीत होते. पॉट पायच्या पारीत नेमके उलटे करायचे असते. लोणी फ्रीजमधून काढलेले, घट्ट आणि तुकड्यांतच राहिले पाहिजे. लाटताना त्या तुकड्यांच्या पातळ चकत्या होतात, ओव्हनमध्ये त्या वितळतात, लोण्यात मुळातच असलेल्या साधारण १६ ते १८ टक्के पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलून धरते. साट्याच्या करंजीला तूप आणि पिठाचा साटा लावून आपण जे पदर मुद्दाम घडवतो, ते इथे लोण्याचे खडे आपोआप करतात. परंतु लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सियसला पुरते वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते; ते मैद्यात मुरले की पदर गेले, आणि त्या पिठाची कापलेली कोंबडी तव्यावर सोडलेल्या घावनासारखी पसरणारच.

खालची आणि वरची अशा दोन पाऱ्यांना ३१५ ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम बिनमिठाचे लोणी (आपल्याकडच्या दोन कांड्या), एक चहाचा चमचा मीठ आणि ८० ते १०० मिलिलिटर बर्फाचे पाणी पुरते. भारतात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथले नेहमीचे पिवळे लोणी खारवलेले असते, तेव्हा वरून मीठ घालू नये. लोण्याचे दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे मैद्यात टाकून बोटांच्या टोकांनी चपटे करावेत, तळव्याने मुळीच नाही, कारण तळवा गरम असतो. मिश्रण रव्यासारखे होऊ देऊ नये. त्यात वाटाण्याएवढे आणि काही त्याहून मोठे चपटे खडे डोळ्यांना दिसले पाहिजेत. मग पाणी चमच्याचमच्याने शिंपडून, मुठीत दाबल्यावर गोळा धरेल आणि तरीही कडेने थोडे भुरभुरेल, इतपतच ओले करावे. पोळीच्या कणकेसारखे ते मळून गुळगुळीत केले, तर पारी चिवट होईल आणि भाजताना आक्रसून भांड्याच्या कडेवरून आत ओढली जाईल. दोन चपट्या चकत्या करून, गुंडाळून किमान एक तास, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात. गुंडाळलेले पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये तीन महिने चांगले राहते.

आता सारण. २३ सेंटिमीटर व्यासाच्या, ५ सेंटिमीटर खोल भांड्याला शिजवून सोललेले ४५० ग्रॅम चिकन लागते. दुकानात भाजलेली अख्खी कोंबडी मिळते ती या कामाला उत्तम, आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी उरलेला टर्की तर बहुतेक घरांत याच कामी येतो. कच्च्यापासून करायचे असल्यास हाडांसकटच्या मांड्या एक कांदा, सेलरीचा एक देठ आणि तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवाव्यात, म्हणजे चिकनही मिळते आणि त्याचे पाणीही. ६० ग्रॅम लोण्यावर एक मोठा कांदा, दीडशे ग्रॅम गाजर आणि सेलरीचे दोन देठ, सगळे वाटाण्याच्या आकाराचे चिरून, झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटे परतावे. झाकण ठेवू नये असे मी मुद्दाम म्हणते, कारण भाज्यांचे पाणी इथेच उडून गेले पाहिजे. जे इथे उडत नाही ते नंतर पारीत उतरते. मग ५५ ग्रॅम मैदा भुरभुरून दोन मिनिटे परतावा, कच्चा वास जावा पण रंग बदलू नये, आणि ४०० मिलिलिटर चिकनचे पाणी थोडे थोडे ओतत व्हिस्कने (तारांच्या फेटणीने) ढवळत राहावे, शेवटी १५० मिलिलिटर दूध घालावे.

इथेच बहुतेकांची घाई होते. मैद्याचे पिष्ट साठ अंशांच्या आसपास फुगू लागते, परंतु त्याचा पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ गेल्याशिवाय येत नाही, म्हणून पहिला बुडबुडा आला की गॅस बंद करणे ही चूक आहे. पातेल्याच्या मधोमध बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी तीन मिनिटे मंद आचेवर ढवळावे. डाव पालथा करून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. ती रेघ मिटता कामा नये. आपल्याला हे सारण गरम असताना जरा जास्तच दाट वाटेल, आणि ते तसेच वाटले पाहिजे, कारण चिकन, वाटाणे आणि ओव्हनची वाफ मिळून ते पुन्हा सैल होणार आहे. आता चिकन, एक वाटी गोठवलेले वाटाणे न वितळवता, चमचाभर थाइम या सुवासिक वनस्पतीची पाने, मीठ आणि भरपूर ताजी मिरपूड घालावी. नंतर सगळे पसरट ट्रेमध्ये दोन बोटांच्या जाडीने पसरून ठेवावे. खोल पातेल्यात ते तासन् तास कोमट राहते, आणि कोमट चिकन दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवणे सुरक्षित नाही. वाफ निवली की ट्रे झाकून फ्रीजमध्ये जाऊ द्यावा. सकाळी सारण इतके घट्ट झालेले असते की त्यात चमचा उभा राहतो.

मसाल्याविषयी मला अनेक मराठी मैत्रिणी विचारतात, म्हणून इथेच सांगते. आले-लसूण, गरम मसाला घातलेले सारण पारीत भरून भाजले तर ते चवीला छान लागेल, परंतु तो पॉट पाय राहणार नाही. दुधाळ, सौम्य रस्सा, थाइमचा वास आणि मिरीचा हलका झणका हीच या पदार्थाची ओळख आहे, आणि थंडीतल्या संध्याकाळी तिचीच गोडी असते. तिखटाशिवाय घरात कुणाचे पानच हलत नसेल तर कांद्यासोबत एक हिरवी मिरची परतावी, त्याहून अधिक काही करू नये.

याचा अर्थ हा पदार्थ एकाच साच्यातला आहे असे नाही. अमेरिकेत लिहिले आणि छापले गेलेले पहिले पाककृतींचे पुस्तक म्हणून ज्याचा मान आहे, त्या अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या ‘अमेरिकन कुकरी’त चिकन पायची कृती आहे: सहा कोंबड्यांचे तुकडे, दीड पौंड लोण्याच्या चकत्यांचे थर, एक इंच जाडीची पारी आणि दीड तास भाजणे. त्यात दाट पांढरा रस्सा नाही, गाजर-वाटाणे नाहीत. आणि माझ्या घरापासून दोन तासांवरच्या लँकेस्टर परगण्यात पेन्सिल्व्हेनिया डच लोक (जुन्या जर्मन वसाहतकऱ्यांचे वंशज) ज्याला ‘बॉट बॉय’ म्हणतात, त्या त्यांच्या पॉट पायला पारीच नसते. पीठ लाटून चौकोन कापतात आणि ते चिकनच्या रश्शात सोडून शिजवतात. मी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला सरळ आजीच्या चकोल्या आठवल्या. वरणाऐवजी कोंबडीचा रस्सा, बाकी हात तोच. मुले फारच लहान असतील आणि ओव्हनची धास्ती वाटत असेल, तर चौकोन कापून रश्शात सोडायचा हा प्रकार त्यांच्याकडून करून घ्यायला फार सोपा आहे.

आता मूळ गोष्ट, मुलांचा वाटा. माझा पहिला सल्ला असा की मुलांसोबत करताना खालची पारी घालूच नये. वरच्या एका पारीचा पॉट पाय अपुरा असतो असे मानणारे लोक इथे आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. परंतु खालच्या पारीला घाई लागते आणि मुलांना सवड लागते, आणि दोन्ही एकाच ओट्यावर नांदत नाहीत. खालची पारी गेली की ओल्या तळाचा प्रश्नही गेला, आणि पीठही निम्मेच लागते.

दुसरा सल्ला वर्गातल्या अनुभवातून आला. सहा वर्षांच्या मुलाला लाटलेली अख्खी पारी उचलता येत नाही. ती फाटते, आणि मूल हिरमुसते. म्हणून मी पारी अखंड ठेवतच नाही. ३ मिलिमीटर जाडीची पोळी मी स्वतः लाटते आणि मुलांना ५ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीने किंवा बाटलीच्या झाकणाने तिच्या गोल चकत्या पाडायला सांगते. साधारण तीस चकत्या होतात. त्या ट्रेवर मांडून पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवायच्या, तोवर मुलांनी भांड्यात थंड सारण चमच्याने सपाट करायचे. मग चकत्या बाहेर काढून, भांड्याच्या कडेपासून सुरुवात करून आत आत, प्रत्येक चकती आधीच्या चकतीवर तिसरा हिस्सा चढवत, कौलारू घराच्या छपरावर मंगलोरी कौले चढवतात तशा रचायच्या. एखादे कौल तिरके बसले तर बिघडत नाही, एखादे तुटले तर दुसरे असते, आणि कौलांमधल्या फटींतून वाफेला वाट मिळते, म्हणून चिरा पाडायची वेगळी गरज उरत नाही. मागच्या हिवाळ्यात वर्गातल्या एका मुलीने मधली पाच कौले मुद्दाम उलट्या दिशेने रचली आणि मला समजावून सांगितले की हे कोंबडीचे पंख आहेत. भाजून आल्यावर ते खरोखर पंखांसारखेच फुलले होते.

९ वर्षांच्या मोठ्या मुलाला अधिक बारीक काम द्यावे. आपल्याकडे करंजीचे कातणे असेल तर ते बाहेर काढावे. त्याने कापलेल्या नागमोडी पट्ट्या पायला फार शोभतात, आणि थंड पिठातून ते चाक कुरकुर आवाज करत सरळ जाते, तो आवाज मुलांना आवडतो. जास्तीच्या पिठाची कोंबडी कापायची असेल तर ती छपराच्या पिठाएवढ्याच जाडीची असावी, तिला खालून पाण्याचे बोट लावून चिकटवावे आणि तिचे पाय, चोच असे बारीक भाग टाळावेत, कारण ते आधी करपतात. डोळ्याला मिरीचा दाणा पुरतो. एक अंडे आणि चमचाभर दूध फेटून वरून हात फिरवला की सोनेरी रंग येतो. पिल्लू पिवळे हवे असेल तर थोड्या अंड्याच्या बलकात चिमूटभर हळद कालवून तेवढ्या भागाला लावावी. बिटाचा लाल रंग मात्र वापरू नये, इतक्या उष्णतेत तो टिकत नाही आणि मळकट तपकिरी होतो. मुले भांडत असतील तर मोठ्या भांड्याऐवजी चार छोट्या वाट्यांत सारण भरून प्रत्येकाला आपापले झाकण करू द्यावे, त्यावर आपले आद्याक्षर लावू द्यावे. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणकामगारांच्या पेस्टीवर (सारण भरून दुमडलेल्या, करंजीसारख्या पायवर) कडेला अशी आद्याक्षरे असत असे सांगतात, आणि ही गोष्ट सांगितली की मुले अक्षर फार जपून कापतात. त्या अक्षरांत मराठी ‘अ’ कापणे ‘ए’ कापण्यापेक्षा बरेच अवघड असते, हेही त्यांना पहिल्यांदाच कळते.

एका बाबतीत मी कठोर आहे. कच्चे पीठ तोंडात घालू द्यायचे नाही. मैदा हे न शिजवलेले धान्य आहे, त्यात घातक जिवाणू असू शकतात, आणि इथल्या आरोग्य यंत्रणा याबाबत वारंवार बजावतात. शिवाय त्यावर कच्चे अंडे लागलेले असते. सुरुवातीला आणि अंडे लावून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, हा नियम वर्गात खेळाच्या आधी सांगावा लागतो.

कौलांचा पॉट पाय ४०० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण २०० अंश सेल्सियसला, ४० ते ४५ मिनिटे भाजावा. ओव्हन किमान वीस मिनिटे आधी तापलेला असावा. भांडे काचेचे असल्यास मात्र सावध राहावे: फ्रीजमधली थंडगार काच तापलेल्या ओव्हनमध्ये तडकून फुटू शकते. थंड सारणासाठी धातूचे किंवा लोखंडी भांडे घ्यावे, ते लवकर तापतेही. खाली ट्रे ठेवावा, कारण रस्सा कडेने ओसंडतो. पाय झाला हे रंगावरून ठरवू नये. मधल्या फटींतून रस्सा जाडसर, संथ बुडबुड्यांनी उकळताना दिसला पाहिजे आणि थर्मामीटरने मध्यभागी १६५ फॅरेनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, दाखवले पाहिजे. कौले आधीच लालसर झाली तर वर फॉइल सैल ठेवावे.

पुढे कधी मुलांशिवाय, दोन पाऱ्यांचा पाय करायचा झाला, तर थंड सारण, धातूचे भांडे आणि खालच्या जाळीवर आधीच तापवलेला जाड ट्रे, ही तीन पथ्ये पाळावीत; पहिली वीस मिनिटे ४२५ फॅरेनहाइटला आणि मग अर्धा तास ३७५ला भाजावे. तापलेला ट्रे खालच्या पारीला सुरुवातीलाच चटका देतो आणि रस्सा पातळ होऊन मुरण्याआधी ती घट्ट होते. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी, सुट्टीच्या गर्दीत, मी गरम सारण भरलेले सहा पाय एकदम ओव्हनमध्ये घातले होते. सहाही तळाशी पिठल्यासारखे निघाले, आणि मला ते टाकून पहाटे चारला पुन्हा सुरुवात करावी लागली. तेव्हापासून सारणाला हात लावून थंड आहे ना हे पाहिल्याशिवाय मी पारी लाटायलाही घेत नाही.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटे तरी पायला सुरी किंवा डाव लावू नये. उकळता रस्सा त्या वेळात निवतो, दाटतो आणि चिकनला धरून बसतो; आपला रस्सा ताटभर वाहण्याचे दुसरे कारण बहुधा हीच घाई असावी. मुलांना ही वीस मिनिटे फार जड जातात, म्हणून उरलेल्या पिठाच्या कडा आणि तुकडे मी आधीच दालचिनी-साखरेत घोळवून वेगळ्या ट्रेवर ठेवते आणि पाय ओव्हनमध्ये असतानाच वरच्या जाळीवर बारा मिनिटे भाजून घेते. पाय निवेपर्यंत मुले ते खात बसतात.